कोमट

मिस ऑड्री प्रोबर्ट, वय एक्याण्णव.
श्रूझबरीत मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं लॅटिन.
आता दर गुरुवारी आंघोळ.
टबात आधी थर्मामीटर जातं,
मग, नियमात बसत नसलं तरी,
यारिनाचं कोपर.

"टेपिड," बाई म्हणतात.
म्हणजे तक्रार.
इंग्रजीत हे विशेषण चांगल्या घरी जातच नाही:
चहा टेपिड, टाळ्या टेपिड,
लग्नाला दिलेला होकार टेपिड.

लॅटिनमध्ये त्याचे दिवस बरे होते.
टेपिडुस म्हणजे बर्फ वितळल्यावरचा वारा,
नुकतंच कुणी उठून गेलेलं अंथरूण.
इथून दोन कोसांवर रॉक्सिटरला
रोमन लोकांनी त्याच्यासाठी अख्खी खोली बांधली.
ना कढत, ना गार. मधली.
तिथे बसून ते अंगाला तेल चोळायचे
आणि दूरच्या घरच्या गोष्टी काढायचे.
आता फरशीखालचे विटांचे बुटके खांब तेवढे उरलेत,
त्यांच्यामधून मेंढ्यांच्या वाटेवरचा वारा जातो.

अठ्ठावन्न साली बाई वर्गाला तिथे घेऊन गेल्या होत्या.
डिलिस लॅकॉन, तिसऱ्या बाकावरची,
एका खांबावर तळहात ठेवून उभी राहिली.
म्हणाली, मिस, अजून ऊब आहे.
उन्हाची असेल, बाई म्हणाल्या. वहीत लिही.
तिनं लिहिलं. दोन पानं. रोमनांचं कमी, हाताचं जास्त.
बाईंनी लाल शाईनं समासात एकच शब्द टाकला.
तोच.
डिलिसनं पुढे काही लिहिलं की नाही कोण जाणे,
लॅटिन मात्र सोडलं.

शब्दाच्या मागे मागे जात राहिलं
की एक मुळाक्षरांचा तुकडा लागतो: तेप.
कोशात त्याच्या डोक्यावर तारा असतो.
तारा म्हणजे साक्षीदार नाही.
असा शब्द कुणी उच्चारलेला ऐकलेला नाही,
लेकरांच्या चेहऱ्यांवरून
आजोबांचं नाक काढावं, तसा काढलाय.
गवताळ मैदानात, गाड्याच्या आडोशाला,
शेकोटीकडे पाठ करून कुणीतरी तो म्हटला असेल.
किंवा नसेलही म्हटला.

आपल्या वाट्याला तो ताप होऊन आला.
आपण काही मधल्या खोलीत बसणारी माणसं नव्हे.
अंगात ताप, डोक्याला ताप,
संताप, मनस्ताप,
ऋषी बसले तर थेट तपाला.

बाईंच्या भाषेत चुकीबद्दल वाटतं त्याला
लॅटिनातूनच घेतलेला एक शब्द आहे,
त्याचा अर्थ पुन्हा चावणं.
त्यांना पाठ आहे तो, मुळासकट, विभक्तीसकट.
पण दात आत्ता ग्लासात आहेत, खिडकीपाशी.
त्यांना कसं सांगायचं
की आमच्याकडे ते चावत नाही, तापतं,
नंतर,
सगळं निवल्यावर.
पश्चात् ताप.
की तुमच्या लाल शाईतला शब्द
साठ-सत्तर वर्षं तुमच्याच पायांखाली,
फरशीच्या खाली,
धुमसतोय.

यारिनाला यातलं काही माहीत नाही.
ती चेर्निहिवची. तिथे तिच्या आईकडे
हिवाळ्यात वीज चार तास असते.
ती बाईंच्या खांद्यावर मगभर पाणी सोडते
आणि स्वतःशीच म्हणते,
"टेप्लो."
म्हणजे ऊब. म्हणजे बरंय आता.

"काय म्हणालीस?"
जुना आवाज, वर्ग गप्प करणारा.
यारिना दचकते. म्हणते, सॉरी.
"नाही, नाही. परत म्हण. सावकाश."

टेप्लो.

बाई ओठांवर घोळवून बघतात,
दातांशिवाय, मऊ.
मग पाण्याखाली स्वतःचा तळहात उघडून
त्याच्याकडे बघत राहतात.
पाणी निवत चाललंय. थर्मामीटर खाली येतंय.
यारिना टॉवेल धरून उभी आहे.

"थांब," बाई म्हणतात,
"अजून आहे."